कंसातली बाई

मार्तंडरावांनी आयुष्यात एकही नोंद अपुरी ठेवली नव्हती. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं बहुधा एवढंच होतं. धंतोलीतल्या स्वाध्याय वाचनालयात ते एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. एका बाजूला हाडांच्या डॉक्टरची पाटी, दुसऱ्या बाजूला डोळ्यांच्या, आणि मध्ये वाचनालयाची पाटी अशी दबून गेलेली, की यवतमाळ-वर्ध्याहून आलेले रोगी चुकून आत शिरत आणि "डॉक्टरसाहेब कधी येतीन जी?" असं विचारत. मार्तंडराव त्यांना बाकावर बसायला सांगत. हे वाचनालय आहे, असं ठणकावून सांगायला आवाज लागतो. तो त्यांच्याकडे नव्हता.

या वाचनालयाची एक रीत होती. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक रेघी कागद खळीने डकवलेला असे. त्याला अभिप्रायपत्रक म्हणत. पुस्तक परत करताना वाटलं तर चार ओळी लिहायच्या. खाली नाव घालायचं नाही, सभासद क्रमांक घालायचा. ही कल्पना मार्तंडरावांच्या बायकोची, सिंधूताईंची. "बायका तोंडानं बोलत नाहीत हो," त्या म्हणाल्या होत्या, "पण लिहितील. फक्त नाव मागू नका." सिंधूताई जाऊन सहा वर्षं झाली, पण रीत चालू राहिली. क्रमांकावरून माणूस कोण, हे फक्त एका लांबट, कापडी पुठ्ठ्याच्या रजिस्टरात होतं, आणि ते मार्तंडरावांच्या टेबलाच्या खणात.

एकोणऐंशी साली प्राध्यापक कृष्णकांत दाणी यांची 'जिन्याखालचा मजकूर' ही कादंबरी आली. दाणी गावातलेच, पण त्यांचं नाव पुण्या-मुंबईत मोठं. चारशे पानं, परिच्छेद एकही नाही. साठाव्या पानापासून घटना उलट्या क्रमाने. मध्येच लेखक स्वतः येऊन सांगतो की मला या बाईचा कंटाळा आला आहे. बाईला नाव नाही, ती नुसती 'ती'. ती सात वेळा मरते, दर वेळी वेगळ्या कारणाने, आणि दर वेळी लेखक वाचकाला विचारतो, की आता बरं वाटलं का? पुरुष सभासदांनी पुस्तक चार-चार दिवसांत परत आणलं आणि "थोर आहे" असं सांगून ते नवीन मासिकं चाळायला बसले. मार्तंडरावांनी ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा मिटल्यावरही त्यांना कळेना, की आपल्याला राग आला आहे की आपली बुद्धी तोकडी पडते आहे. आपलं मत त्यांना कधीच भरवशाचं वाटलं नव्हतं. दाण्यांसारखा माणूस एवढं लिहितो म्हणजे त्यात काहीतरी असणारच, असं ते स्वतःला बजावत, आणि पुस्तक उघडलं की पुन्हा मिटून ठेवत.

बायकांना मात्र असली अडचण पडली नाही. पहिलं पत्रक पंधरा दिवसांत भरलं. मार्तंडरावांनी त्याखाली दुसरं डकवलं, मग तिसरं. त्रेचाळीस क्रमांकाने लिहिलं होतं: "तिसऱ्यांदा मेल्यावर पुढच्याच पानावर ती पोळ्या लाटते. लेखकाला भूक लागली असावी." एकसष्टने लिहिलं: "तिला चेहरा दिलेला नाही, ही म्हणे वाचकाची सोय. छातीचं वर्णन मात्र दोन पानं आहे. ती कोणाची सोय?" अठ्ठ्याऐंशीने लिहिलं: "मला काही समजलं नाही. पण नव्वदाव्या पानापासून रडत होते. काहून रडले ते लेखकानं सांगावं, नाहीतर माझं रडणं वापस करावं."

आणि तिसऱ्या पत्रकाच्या तळाशी, बारीक, सरळ अक्षरात एकशे सतरा क्रमांकाने लिहिलं होतं:

"पान २१२. कंसात छापलं आहे, (याच सुमारास तिने पोट पाडलं). पुढची तीन पानं लेखक स्वल्पविरामाबद्दल बोलतो. मी परिचारिका आहे. हे कंसात होत नाही. मीही पाडलं. लग्नाचं पहिलं वर्ष होतं, शेवटची परीक्षा दोन महिन्यांवर होती. घरी सांगितलं नाही. त्यानंतर दिवस राहिले नाहीत. घरचे दोष माझ्या नवऱ्याला देतात. तो सात वर्षं भिवापूरच्या वैद्याची कडू पुडी खातो, आणि पाण्याचा पेला मी हातात देते. लेखकाने मला यावर काही सांगावं असं नाही. फक्त कंस काढावा."

एकशे सतरा म्हणजे तारा गजभिये. शेजारच्या गल्लीतल्या एका प्रसूतिगृहात ती नर्स होती. दुपारची पाळी सुरू व्हायच्या आधी, पांढऱ्या साडीतच, ती येई आणि उभ्या उभ्या कपाट धुंडाळी. आईवडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा ती सात वर्षांची होती. त्या दिवशी बापाने तिला खांद्यावर घेऊन सांगितलं होतं, आता शिकायचं. ती अजून शिकतच होती. धंतोलीतल्या बायका तिच्याशी गोड बोलत आणि ती गेल्यावर तिने हाताळलेलं पुस्तक मागून घेत नसत. हे मार्तंडरावांना दिसत होतं. ते बोलत नसत.

पत्रकावर लिहिलं त्या दिवशी ती टेबलापाशी थांबली होती.

"काका, नंबर कोनाचा कोनता, हे तुमच्यापाशीच राहते नं?"

"माझ्यापाशीच."

"पक्कं?"

"तारा, एकोणतीस वर्षं झाली," मार्तंडराव म्हणाले, आणि स्वतःच्या ठाम सुराचं त्यांनाच नवल वाटलं.

महिन्याभराने दाणी स्वतः वाचनालयात आले. त्यांनी पत्रकं उभ्यानेच वाचली, एकदा हसले, मग खुर्ची ओढून बसले आणि पुन्हा वाचली. "मार्तंडराव, हा ठेवा आहे," ते म्हणाले. "मला याची एक स्वच्छ प्रत करून द्याल? समीक्षकांनी मला वाचलं, पण माणसांनी वाचलेलं मी प्रथमच पाहतो आहे."

इतक्या मोठ्या माणसाने आपल्याकडे काही मागावं, असं मार्तंडरावांच्या बाबतीत आजवर घडलं नव्हतं. शिवाय आत कुठेतरी त्यांना वाटलं, की हे वाचून दाण्यांना लाज वाटेल. जे आपल्याला म्हणता आलं नाही ते या बायकांनी म्हटलं आहे, ते योग्य जागी पोचू दे. चार दुपारी बसून त्यांनी प्रत केली. वाचनालयाचे छापील आखीव कागद होते, त्यावर चार रकाने: क्रमांक, नाव, व्यवसाय, अभिप्राय. पहिला रकाना भरला, चौथा भरला. मधले दोन कोरे. पानभर कोरे रकाने बघून त्यांना कसंतरी झालं, सदऱ्याची दोन बटणं राहून गेल्यासारखं. त्यांनी खणातून रजिस्टर काढलं आणि सगळ्यांची नावं आणि व्यवसाय सुवाच्य अक्षरात लिहून काढले. एकशे सतराशी त्यांचा टाक थबकला. पण मग एकच नाव गाळलेलं दिसलं असतं, आणि लोक म्हणाले असते, की ग्रंथपालाने नोंद अर्धवट ठेवली. त्यांनी लिहिलं: तारा गजभिये, परिचारिका.

हे त्यांनी दुष्टपणाने केलं असतं तर पुढचं सांगणं सोपं झालं असतं.

एक्याऐंशी साली दुसरी आवृत्ती निघाली. तिला मोठा पुरस्कार मिळाला, आणि दाण्यांचा सत्कार वाचनालयातच ठेवला गेला. बाक भिंतीला लावले, गाद्या घातल्या, हाडांच्या डॉक्टरांनी अध्यक्षपद स्वीकारलं. तारा मागच्या रांगेत, दाराजवळ बसली होती, कारण चार वाजता पाळी होती. तिच्या बाजूला यमुताई. त्रेचाळीस क्रमांक तो त्यांचाच. वय साठ, जीभ सोळा.

दाणी उभे राहिले. आवाज देखणा होता. "या आवृत्तीत मी एक प्रकरण वाढवलं आहे," ते म्हणाले. "ते मी लिहिलेलं नाही. ते तुम्ही लिहिलं आहे. वाचक हाच लेखक, असं आपण नुसतं म्हणतो. मी ते छापलं."

आणि ते वाचू लागले. "यमुताई जो., गृहिणी, धंतोली." पोळ्यांचं वाक्य आलं आणि सभा खदखदून हसली. यमुताई आधी चपापल्या, मग लाजल्या, मग "अगं बाई, छापून आलं!" म्हणून शेजारणीला कोपर मारलं. "देवकी व., गृहिणी." रडणं वापस करण्याचं वाक्य दाण्यांनी वऱ्हाडी हेल काढून असं वाचलं, की अध्यक्षांनी हसून हसून डोळे पुसले. देवकीबाई पदर तोंडावर घेऊन बसल्या. त्या हसत होत्या की काय करत होत्या, ते कळलं नाही. एकेक बाई वर उचलली जात होती, थोडी हलवली जात होती आणि खाली ठेवली जात होती, आणि ज्यांची पाळी होऊन गेली होती त्या पुढचीला मोठ्याने हसत होत्या.

मार्तंडराव व्यासपीठाच्या कडेला हाराचं ताट घेऊन उभे होते. त्यांनी मनात क्रमांक मोजले. एकशे दोन. एकशे नऊ.

"तारा ग., परिचारिका, धंतोली," दाण्यांनी वाचलं.

या वेळी त्यांनी हेल काढला नाही. हळू, फार सुंदर वाचलं. पुडी आली, पाण्याचा पेला आला. 'फक्त कंस काढावा' हे शेवटचं वाक्य वाचून त्यांनी पुस्तक मिटलं.

"ही माझ्या कादंबरीतली सर्वोत्तम बाई," ते म्हणाले. "दुर्दैव एवढंच, की मी तिला लिहिलं नाही. तिची मागणी मी मान्य केली आहे. पान दोनशे बारावरचा कंस काढला." इथे ते थांबले. थांबण्याची त्यांची हातोटी होती. "आणि हा तिचा अभिप्राय संपूर्ण कंसात छापला."

क्षणभर कुणाला समजलं नाही. मग अध्यक्ष हसले, आणि ते हसले म्हणून सगळे हसले, आणि टाळ्या पडल्या.

यमुताईंनी मान वळवली. "काहून वं तारा," त्या कुजबुजल्या, पण त्यांची कुजबूज पहिल्या रांगेपर्यंत जात असे, "हे तू होय? बाप्पा! आणि त्या बिचाऱ्याले पुड्या चारून राहिली?"

तारा यमुताईंकडे बघत नव्हती. ती मार्तंडरावांकडे बघत होती. मार्तंडराव ताटातल्या हाराच्या गाठी सोडवत होते. हाराला गाठी पडल्याच नव्हत्या.

कार्यक्रमानंतर त्यांनी चहाचा कप घेऊन उभ्या असलेल्या दाण्यांना गाठलं. जन्मात पहिल्यांदा ते कुणाला जाब विचारायला निघाले होते. तोंडून निघालं ते एवढंच: "साहेब, नावं..."

"आडनावं कापली ना मी!" दाणी म्हणाले. "आणि मार्तंडराव, मला नावं कुठून माहीत असणार? नुसते नंबर असते तर मी नंबरच छापले असते. खरं सांगतो, नंबर जास्त भेदक वाटले असते." त्यांनी मार्तंडरावांच्या खांद्यावर थोपटलं. "पण तुमचं अक्षर सुरेख आहे."

दुसऱ्या दिवशी तारा आली. ओरडेल, रडेल, असं मार्तंडरावांना वाटलं होतं. ती टेबलासमोर उभी राहिली आणि हलक्या आवाजात बोलली, जसं रोग्याच्या नातेवाइकांशी बोलतात.

"काका, पुस्तक घरी पोचलं. मिस्टरच्या कारखान्यातल्या एकानं आणून दिलं, पान दुमडून. मी म्हटलं, हे मी नाही. काकाच्या हातानं चुकीचं नाव लागलं असन. ते म्हणाले, मी काकाले विचारतो. येतीन उद्या-परवा." तिने आवाज आणखी खाली आणला. "तुम्ही फक्त एवढंच म्हणा, का ओळ चुकली. दुसरीच्या समोर माझं नाव पडलं. ती दुसरी बदलीनं भंडाऱ्याले गेली. बस."

"म्हणतो," मार्तंडराव म्हणाले.

"म्हणून दाखवा."

"आत्ता?"

"हाव, आत्ता."

मार्तंडराव म्हणाले, "ओळ चुकली." ताराने त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा म्हणायला लावलं. तीनदा. लहान मुलाकडून पाढा म्हणवून घ्यावा तसं. मग ती गेली.

दोन दिवस मार्तंडराव ते घोकत होते. आंघोळ करताना, भात ढवळताना. ओळ चुकली. माझ्या हातून ओळ चुकली. तिसऱ्या दिवशी सकाळी वाचनालय उघडल्या उघडल्या बळीराम गजभिये आला. उंच, किडकिडीत, गळ्यापर्यंत बटणं लावलेला माणूस. बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक. त्याने चपला दाराबाहेर काढल्या.

"नमस्कार जी. मी ताराचा मिस्टर."

"बसा."

तो बसला नाही. "मी सातवी शिकलो जी. हे पुस्तक काही मले समजलं नाही. पण ते एक पान समजलं." त्याने पुस्तक टेबलावर ठेवलं, उघडलं नाही. "भिवापूरच्या वैद्यापाशी लय लोक जातात नं?"

"जातात."

"कडू पुडी लय जण खातात."

"हो. पुष्कळ."

"आणि तारा नावाच्या नर्सा या धंतोलीत दहा असतीन."

"असतील."

बळीरामचा चेहरा जरा सैल झाला. "मी तेच म्हणून राहिलो मायले. ती म्हणते, तुले हुडकेश्वरच्या जमिनीची शपथ, तिले हाकल. मी म्हटलं, काकाले विचारून येतो. काका शिकलेला मानूस आहे, लिहिणारा मानूस आहे, त्याच्या सांगण्याले मान आहे." तो टेबलावर वाकला. त्याच्या आवाजात आता विनवणी होती, आणि मार्तंडरावांना ती स्पष्ट ऐकू आली, हे पुढे त्यांना कधीच नाकारता आलं नाही. "मले बाकी काही नाही पाहिजे जी. तुम्ही फक्त सांगा, का एकशे सतरा नंबर दुसऱ्या कोनाचा आहे. खरं का खोटं, मी नाही विचारत. तुम्ही सांगा, मी मानतो. कोनाचा आहे जी एकशे सतरा?"

ओळ चुकली. शब्द जिभेच्या टोकाशी तयार होते.

पण एकतीस वर्षं कुणीही 'अमुक नंबर कोणाचा' असं विचारलं, की मार्तंडरावांचा उजवा हात आपोआप खणाकडे जात असे. तो गेला. खण उघडला. रजिस्टर टेबलावर आलं. पानं उलटली गेली, आणि बोट रकान्यावरून खाली घसरत एका ओळीवर थांबलं. हे सगळं घडत असताना मार्तंडराव आपल्या बोटाकडे असे बघत होते, जणू ते दुसऱ्या कुणाचं असावं. पण ते थांबवता आलं असतं. मध्ये चार-पाच श्वासांचा वेळ होता. त्या वेळात त्यांच्या मनात आलं, की 'ओळ चुकली' म्हटलं तर हा माणूस गावभर सांगेल, की वाचनालयाच्या नोंदी चुकीच्या असतात.

बळीराम ओळ वाचू लागला. हळूहळू, ओठ हलवत. "तारा बळीराम गजभिये. परिचारिका." मग त्याचं बोट शेजारच्या रकान्यात गेलं. सभासद व्हायला कुणाची तरी शिफारस लागे. "आणि ही माझी सही," तो म्हणाला. "मीच घेऊन आलो होतो तिले इथं. म्हटलं, लय वाचायची हौस आहे, वाचू दे."

त्याने रजिस्टर मिटलं, नीट, कोपरे जुळवून.

"तुमचं कधी चुकत नाही, नाही का जी?"

"नाही," मार्तंडराव म्हणाले. विचार करण्याच्या आधीच म्हणाले.

तारा त्यानंतर पंधरा दिवसांनी आली. पांढरी साडी तशीच, इस्त्रीची. ती आता नर्सांच्या वसतिगृहात राहत होती. हे मार्तंडरावांनी यमुताईंकडून ऐकलं होतं. यमुताईंनी धंतोलीतल्या एका घरालाही ते सांगायचं बाकी ठेवलं नव्हतं.

"मारलं का त्यानं?" मार्तंडरावांनी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"ते काहून मारतीन?" तारा म्हणाली. "त्यायनं नऊ वर्षांच्या पुड्यांचे कागद जपून ठेवले होते. बरं झालं का वैद्याले दाखवीन म्हणून. ते सगळे माझ्या पेटीत भरून दिले. लुगड्यांच्या वर. मग सायकलवर पेटी बांधून स्वतः वसतिगृहापर्यंत आणून सोडली." तिने पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली. "तसं मी केलंच होतं नं त्यायच्याशी वाईट. ते माझ्यापाशी होतं. मी कधीतरी सांगितलं असतं, का नसतं सांगितलं. पण ते माझं होतं."

तिने दुसरी आवृत्ती मागितली. मार्तंडरावांनी दिली. नवीन प्रत, मागे नवं कोरं पत्रक डकवलेलं. ती बाकावर बसली, जिथे चुकलेले रोगी बसत. पर्समधून पेन काढून तिने लिहिलं, मध्ये एकदाही न थांबता. मग पुस्तक उघडंच टेबलावर ठेवलं.

"वाचा."

मार्तंडराव मनात वाचू लागले.

"मोठ्यानं."

वाचनालयात आणखी तिघं होती. मार्तंडरावांनी वाचलं. आवाज फुटत नव्हता, पण जागा लहान होती, सगळ्यांना ऐकू गेलं:

"सभासद क्रमांक ११७, तारा गजभिये, परिचारिका. पहिल्या वेळी वाचलं तेव्हा मला वाटलं, या लेखकाइतका क्रूर माणूस नाही. तो बाईला सात वेळा मारतो. आता वाटतं, त्याचं काय चुकलं? तो मला ओळखत नव्हता. ज्याने माझं नाव लिहून दिलं त्याला मी काका म्हणत होते."

खोलीत पंखा फिरत होता. कुणीतरी मासिकाचं पान उलटायचं थांबलं होतं.

"हे... हे काढून टाकू का?" मार्तंडरावांनी विचारलं. त्यांचं बोट पत्रकाच्या कडेखाली गेलं होतं. खळ अजून ओली होती. सहज निघालं असतं.

"काहून?" तारा म्हणाली. "तुमाले अपुरी नोंद चालत नाही नं." तिने सभासद कार्ड टेबलावर ठेवलं आणि त्याच्यावर पेपरवेट सरकवला, वाऱ्याने उडू नये म्हणून. "आता एकशे सतरा रिकामा झाला. दुसऱ्या कोनाले द्या."

ती गेल्यावर जरा वेळाने यमुताई कपाटाआडून पुढे आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर सगळं ऐकल्याची चमक होती.

"मार्तंडराव, ती प्रत द्या नं मले. दुसरी आवृत्ती मी अजून पाहिलीच नाही बाप्पा."

मार्तंडरावांनी पुस्तकाकडे पाहिलं. नाही म्हणता आलं असतं. प्रत बांधणीला गेली आहे, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

त्यांनी खणातून नोंदवही काढली, तारीख घातली, त्रेचाळीस हा आकडा लिहिला, त्यापुढे नाव लिहिलं, आणि शाई वाळेपर्यंत त्यावर हळूहळू फुंकर घालत राहिले.